पंख वर असलेलं

मडगावात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
मिनीनचं दुकान. पुढे मिक्सर दुरुस्ती,
पडद्याआड छताला टांगलेली विमानं.
मी गेलो ते लाल बघून.
पंख पोटाखाली, नाक टोकदार,
टांगल्या जागीही वेगात असलेलं.
किंमत न विचारताच खिशात हात घातला.

मिनीन म्हणाला, 'हे तुला विकणार नाही.'
'पैसे आहेत.'
'पैसे असतील रे बाब. हात नाहीत अजून.'

हात नाहीत!
चौतीस वर्षं दुर्भाट ते रासई, रासई ते दुर्भाट
याच हातांनी फेरीबोट नेली,
भरतीत, धुक्यात, एकदा तर
अख्खी वरात, बँडसकट.
सुकाणू सोडून कधी नाकसुद्धा खाजवलं नाही.
हे सगळं सांगितलं त्याला. थोडं वाढवून सांगितलं.

त्याने काठीने एक पांढरं काढलं,
काउंटरवर ठेवलं.
बांगड्यांच्या पेटीला असतो तसल्या फोमचं.
पंख डोक्यावर, छपरासारखे,
टोकं किंचित उचललेली,
जेवण पुरे म्हणताना कोणी हात उचलावा तशी.
रंग नाही, पट्टा नाही, नाक बोथट,
देखणं तर मुळीच नाही.

'ऐक,' म्हणाला, 'हे हळू उडतं,
आणि हळू झालं म्हणून लगेच पडत नाही.
वजन पंखांखाली लोंबतं, तोल याचा याला कळतो.
तीन चॅनेल. मोटर, रडर, शेपटीची फळी.
चौथं मागू नकोस.
आपटलं तर गोंद. परत आपटलं, परत गोंद.
ते लाल आपटलं की
पिशवीत भरून घरी न्यायचं.'

मग विचारलं, 'फेरीबोटीचं सुकाणू सोडलंस तर?'
'तिवरांत जाईल.'
'हे सोडलंस तर सरळ होतं.'

माझा विश्वास बसला नाही.
पण घेतलं. एक जास्तीची बॅटरी, दोन प्रोपेलर.
'पाच घे,' म्हणाला.
पाच.

रविवारी रिवणच्या सड्यावर,
दोन्ही विमानतळांच्या आकाशापासून लांब,
सातला, वारा उठायच्या आत.
काळा खडक, पिवळं गवत, कडेला काजू.
मिनीनने पळत जाऊन हातानेच सोडलं.
गेलं.
लांब जाईपर्यंत सगळं माझं होतं.
मग ते वळलं, तोंड माझ्याकडे करून यायला लागलं,
आणि उजवं डावं झालं.

हे मला नवं नव्हतं.
खेपेखेपेला बोट फिरवली आहे मी नदीच्या मध्यात.
पण तिच्याबरोबर मीही फिरायचो.
इथे मी खडकावर, ते वर,
त्याच्या डाव्यासमोर माझा उजवा हात.
काठी दाबली. उलटी दाबली.
मग आणखी दाबली.

'सोड!' मिनीन ओरडला.
मी घट्ट धरलं.
'सोड रे पात्रांव, दोन्ही!'

अंगठे उचलले, तव्यावरून उचलावेत तसे.

खाली गेलेला पंख
काही घाई नसल्यासारखा वर आला.
नाक जरा खाली, जरा वर,
मग नीट.
सड्यावरून आपलं आपण जात राहिलं ते,
डासाएवढा आवाज करत,
आणि मी रिमोट गळ्यात अडकवून उभा,
हातांचं काय करायचं ते कळेना.

उतरवलं कसं, विचारू नका.
काजूच्या झाडाने उतरवलं.

आता जेवणाच्या टेबलावर आहे.
शेपूट गोंद लावून रबरबँडने आवळली आहे,
शालन ताट कुठे ठेवू म्हणून विचारते.
मिनीनचा फोन येऊन गेला:
'सकाळपर्यंत हात लावू नकोस.'
रात्री पाणी प्यायला उठलो
तेव्हा, एकदाच, करंगळीच्या टोकाने
बघितलं.
ओलं होतं.